गाडी तुम्ही चालवता, काकू?

पेट्रोल पंपावरचा मुलगा नवीन असला, की हा प्रश्न ठरलेलाच! तो आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे. पैसेसुद्धा ह्यांच्याकडेच मागतो. हे काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवतात. चाळीस वर्षं उलटून गेली, मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत रत्नागिरीचा एकही रस्ता माझ्या चाकाखालून जायचा राहिलेला नाही, तरी प्रश्न तोच.

मी गाडी शिकले 1982 साली. हौस होती हे खरं, पण निमित्त आंब्याचं. आमची बाग पावसच्या बाजूला. ह्यांची नोकरी, सासऱ्यांचं वय झालेलं, आणि ऐन एप्रिल-मेमध्ये भाड्याची गाडी वेळेवर मिळेल तर शपथ. म्हणून एक जुनी पद्मिनी घेतली. "बाईमाणसानं गाडी चालवायची?" असं सासरे म्हणाले, तर सासूबाई आतूनच ओरडल्या, "शिकू दे गो तिला. पेट्या काय डोक्यावरून आणायच्या?" विषय तिथंच संपला.

पहिले दोन दिवस ह्यांनी शिकवलं. तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं. मैत्रिणींनो, एक अनुभवाचा बोल सांगते, नवऱ्याकडून गाडी कधी शिकू नये! "क्लच, अगं क्लच!" असं कानाशी कुणी ओरडत राहिलं, की येत असलेलंही विसरायला होतं. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला शिकवलं. त्यांनी पहिल्या दिवशी गाडी चालूच करू दिली नाही. बॉनेट उघडून पाणी कुठलं, ऑइल कुठलं, पट्टा कुठला ते दाखवलं, आणि स्टेपनी माझ्या हातानं बदलायला लावली. "वहिनी, आधी गाडीला आंघोळ-पांघोळ घालायला शिका, मग फिरायला न्या." दुसरी गोष्ट साडीची. निऱ्या पिनेनं घट्ट करायच्या, पदर खोचायचा, उंच टाचेची चप्पल काढून ठेवायची. पायाखाली काहीही आलेलं चालत नाही.

पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट सलग, पाळण्यासारखी, त्यामुळे धाकटा मध्ये बसून तोच गाडी चालवतोय अशा थाटात असायचा. गाडी दिसायला देखणी, डिकी मोठी, पण स्वभाव मानी. आमच्या खाऱ्या हवेनं तिचा पत्रा खालून खाल्ला आणि उन्हाळ्यात ती रुसायची. पेट्या भरून भर दुपारी भाट्याच्या चढाला लागलं, की गचके देऊन बंद! पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ व्हायची आणि पुढं इंजिनाला काही पोचायचंच नाही. उपाय एकच, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून सुरूच्या सावलीत बसायचं. गाडीत पाण्याची कळशी आणि जुन्या धोतराचं फडकं मी कायम ठेवलं.

पुढं कधीतरी बेर्था बेंझची हकिगत वाचली, आणि मला ती सख्खी बहीणच वाटली. जर्मनीतल्या कार्ल बेंझनं मोटार बनवली, पण तिच्यावर लांब जायचं धाडस कुणी करीना. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही त्याची बायको, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता! इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. म्हणजे बघा, जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईनं केला, आणि तोही माहेरच्या ओढीनं!

ॲम्बॅसिडर आमच्या मोठ्या दिरांची, कोल्हापूरला. ती चालवणं म्हणजे जात्यावर दळण. वजन अकराशे किलोच्या वर, स्टेअरिंग असं जड की वळणावर दोन्ही दंड भरून यायचे. पण खड्ड्यात गेली तरी आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. तिच्यावरच मी आंबा घाट शिकले. वहिनी आणि चार मुलं मागं बसलेली, आणि माझ्या तोंडाला कोरड. दीर शांतपणे म्हणाले, "ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापून निकामी होतात. आणि खालून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची." ही तीन वाक्यं मी आजवर जपून ठेवली आहेत. गाडी कितीही नवी आली तरी घाट तोच असतो.

मग आली मारुती. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, पण आमच्या दारात ती यायला 1991 उजाडलं, आणि तीही कुणाची तरी वापरलेली. किल्ली फिरवली की चालू! मला वाटलं, कुणी मिक्सर लावला की काय. ॲम्बॅसिडरच्या निम्म्याहून थोडं अधिक वजन, गिअर खाली उजव्या-डाव्या सीटच्या मधे, आणि रामआळीच्या गर्दीत कुठंही घुसणारी. बायकांच्या हाती गाडी आली ती खरी हिच्यामुळे, असं माझं मत. ताकदीचं काम राहिलं नाही, उरलं ते फक्त लक्षाचं. वाऱ्यात मात्र ती हलायची. मोठा ट्रक बाजूनं गेला की अंग चोरून घ्यायची, नव्या सुनेसारखी.

आंब्यासाठी नंतर ओम्नी घेतली. पेट्या मावायच्या भरपूर, सरकतं दार सोयीचं. पण इंजिन पुढच्या सीटच्या खाली! मे महिन्यात ती चालवणं म्हणजे चुलीवर बसून स्वयंपाक. नाकासमोर बॉनेटही नाही, त्यामुळे पुढच्या गाडीपासून चार हात लांब राहायची सवय लागली. तीही चांगलीच.

त्या सगळ्या आता गेल्या. 2014 या एकाच वर्षात मारुती 800 आणि ॲम्बॅसिडर दोन्हींचं उत्पादन थांबलं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही उतरली. ती बातमी वाचताना डोळे भरून आले हे मान्य करते. आता आमच्याकडे बिनक्लचची गाडी आहे. डाव्या पायाला काम नाही. गुडघेदुखी असणाऱ्या बायकांनी निःशंक घ्यावी. मात्र घाटात ती आपणहून वरचा गिअर टाकते, तेव्हा दांडा हाताच्या गिअरवर घेऊन उतरावं. यंत्र हुशार असलं तरी त्याला पुढचं वळण दिसत नसतं.

आणि एक दिवस मलाही ते दिसलं नाही. आता खरं सांगायचं ते हेच.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची संध्याकाळ. पावसहून परत येत होते, शेजारी सूनबाई. भाट्याकडं उतरताना समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला, आणि दिव्याभोवती हे एवढं मोठं खळं. त्या खळ्यात सगळा रस्ता बुडाला. "आई, माणूस!" सूनबाई किंचाळली. ब्रेक दाबला तो केवळ तिच्या आवाजावर. गाडी थांबली तेव्हा सायकल हातात धरून चाललेला माणूस हातभर अंतरावर होता. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "काकी, जरा बघून हां."

त्या रात्री मी जेवले नाही. सूनबाईला म्हटलं, "घरात बोलू नकोस." तिनं शब्द पाळला. पण खरं म्हणजे, अशी खळी मला वर्षभर दिसत होती. काच पुसायची, चष्मा पुसायचा, आणि गप्प बसायचं. स्वतःच्या गाडीचा एवढासा आवाज बदलला तर कान टवकारणारी मी, डोळ्यांकडं मात्र काणाडोळा करत होते. का? तर "आता बस कर" असं कुणी म्हणेल म्हणून.

पुढल्याच महिन्यात लायसन्सचं नूतनीकरण होतं. त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. आदल्या दिवशी मी घरात सगळं सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "आई, मग आता चालवूच नकोस." हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी डोळे दाखव. निकाल नंतर लावू." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, आणि आमच्या बागेतली पानं इतकी हिरवी आहेत हे मला नव्यानं कळलं! डॉक्टरांनी दाखला दिला, तरी मी माझे नियम केले. दिवेलागणीनंतर चालवायचं नाही. आषाढाच्या धुवाधार पावसात चालवायचं नाही. घाटात एकटीनं जायचं नाही.

मग त्या वेळी चालवायचं कुणी? सूनबाईकडं लायसन्स होतं, पण आठ वर्षं कपाटात. मुलानं तिला दोनच दिवस शिकवलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी... पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. मी म्हटलं, "त्या दिवशी माझ्या गाडीत डोळे तुझेच होते. आता हातही तुझेच असू देत."

रोज सकाळी सहाला आम्ही दोघी निघायचो. मी शेजारी, तोंड बंद. हे सगळ्यांत कठीण, बरं का! पहिल्या दिवशी बॉनेट उघडून पाणी-ऑइल दाखवलं, स्टेपनी बदलायला लावली. गेल्या पावसाळ्यात तिनं ह्यांना दवाखान्यात नेलं, रात्री नऊला, धो धो पावसात. मी मागं बसले होते. वायपर सपासप हलत होते. हा वायपरही एका बाईचंच डोकं, अमेरिकेच्या मेरी अँडरसनचं. 1903 साली तिनं त्याचं पेटंट घेतलं, पण तेव्हा ते विकत घ्यायला कुणी तयार झालं नाही. मला ते आठवलं आणि हसू आलं.

परवा पंपावर गेलो. गाडी ती चालवत होती, मी शेजारी. नवीन मुलानं काच खाली होताच विचारलं, "ताई, गाडी तुम्ही चालवता?"

सूनबाई म्हणाली, "सकाळी ह्या, रात्री मी. टाकी भर."