टी-शर्टवरच्या त्या रेषा

काळ्या टी-शर्टवर डोंगरांसारख्या पांढऱ्या रेषा पाहिल्यात ना? ते 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या १९७९च्या अल्बमचं चित्र!

मँचेस्टरला गेलात तर लेसर फ्री ट्रेड हॉलची जागा नक्की शोधा. ४ जून १९७६ला बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे शाळेतले दोस्त इथे 'सेक्स पिस्टल्स'ना ऐकायला आले. दुसऱ्याच दिवशी हुकने बेस गिटार घेतली. पुढे गायक इयन कर्टिस भेटला आणि उदास, थंडगार सुरांचा बँड घडला.

मग जवळच्या मॅक्लसफील्डला जा. तिथे इयनचा स्मृतिदगड आहे. १९८०मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी त्याने जीवन संपवलं. त्याच्या शब्दांकडे आपलं नीट लक्षच नव्हतं, असं सोबत्यांनी नंतर सांगितलं.

तुमचा मित्र सारखी उदास गाणी पाठवतो? गाणं ऐकाच, पण त्याला फोनही करा.