मॅक घेता घेता

दिवाळी अंक छापखान्यात जायच्या दिवसांत अक्षरजुळणी करणारं कुणी लॅपटॉप बदलायचा विचार करत नाही. पण २०२५ साली तारीखच अशी आली की विचार करणं भाग पडलं. विंडोज १० ला नेहमी मिळणारे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार होते आणि वसुबारस त्याच आठवड्यात होती. माझा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षाचिप लागते. मधल्या काळात मी त्याची रॅम वाढवली होती, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली होती, एकदा की-बोर्डही बदलला होता. यंत्र ठणठणीत होतं, फक्त कागदोपत्री म्हातारं झालं होतं. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, ती घेतली. अंक छापून आले, भाऊबीज झाली, आणि ओवाळणीचं ताट खाली ठेवायच्या आत भाच्याने विषय काढला.

"मावशी, आता पुन्हा विंडोज नको. मॅक घे."

हे तो दरवर्षी म्हणतो. या वेळी फरक एवढाच होता की मला खरंच काहीतरी घ्यायचं होतं.

मी पुण्यात घरूनच अक्षरजुळणी आणि मांडणीचं काम करते. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा पीएचडीचा प्रबंध. या धंद्यात मॅकबद्दल एक पक्कं मत होतं: तिथे मराठी तुटते. ते मत हवेतून आलेलं नव्हतं. वर्डच्या मॅकवरच्या २०११ च्या आवृत्तीत देवनागरी धड दिसायची नाही, जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. २०१६ च्या आवृत्तीत ते सुधारलं, पण तोवर बोभाटा होऊन गेला होता. आमच्यातले निम्मे लोक आजही तेच सांगतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी मॅकला बोटही लावलेलं नाही.

गंमत अशी की आमचा हा धंदा मुळात मॅकवरच जन्माला आला. १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचा पेजमेकर, ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही तिन्ही एकत्र आली आणि टेबलाशी बसून पान लावता येऊ लागलं. विंडोजसाठी पेजमेकर आला १९८७ मध्ये. आपल्याकडे मात्र बहुतेकांनी डीटीपी, म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग, पाहिलं ते विंडोजवरच, आणि त्याचं कारण कुणालाही विचारा, एकच आहे: पैसे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, ओळखीच्या पोराकडून जोडून घ्यायचे आणि कामाला लागायचं. मीही तशीच लागले. माझा पहिला कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा होता असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, कारण तो कुठल्याच कंपनीचा नव्हता.

भाच्याला ऑफिसने नवा मॅक दिला होता, म्हणून त्याचा स्वतःचा मॅकबुक एअर कपाटात पडून होता. एम१ चिपचा, म्हणजे २०२० च्या शेवटी बाजारात आलेला. "वापरून तर बघ, मग बोल," म्हणून तो माझ्या टेबलावर ठेवून गेला.

खोटं कशाला सांगू, पहिल्या संध्याकाळीच मी अर्धी पाघळले. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. माझ्या जुन्या यंत्राला तीनशे पानांचं पुस्तक इनडिझाइनमध्ये उघडलं की धाप लागायची. चार्जर न लावता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम झालं. आणि पडदा! बारा पॉइंटातला अनुस्वार नि कागदावरचा कचरा यांत प्रूफ वाचताना गल्लत होते, हे आमच्या मुद्रितशोधक काकांचं कायमचं दुःख. या पडद्यावर रफार, अनुस्वार, नुक्ता सगळं वेगवेगळं, धारदार दिसत होतं. काका स्वतः येऊन बघून गेले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "ताई, हे घ्याच तुम्ही." ते कधीच कशाला इतक्या लवकर हो म्हणत नाहीत.

टायपिंगची धास्ती होती, तीही फोल निघाली. मॅकच्या सेटिंगमध्ये 'देवनागरी' नावाचा जो की-बोर्ड आहे तो माझ्या सवयीचा इनस्क्रिप्टच. क जिथे होता तिथेच, हलन्त जिथे होता तिथेच. 'दऱ्या'तला 'ऱ्या' लिहायला शिफ्टबरोबर जे दाबायचं, मग हलन्त, मग य, मग काना. बोटांना काही सांगावं लागलं नाही. बोटं अडली ती कंट्रोलवर. इतकी वर्षं करंगळीने कंट्रोल दाबून कॉपी-पेस्ट करणाऱ्या बाईला तेच काम अंगठ्याने कमांड दाबून करायचं म्हणजे काही दिवस चिडचिड होणारच. झाली आणि ओसरलीही. इनडिझाइन दोन्हीकडे सारखंच, आणि ॲडोबीचं वर्गणीचं खातं विंडोज-मॅक असा भेदही करत नाही. वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट बसतात, पीडीएफ निघते, छापखान्यात प्लेट बनते. ती पीडीएफ कुठल्या यंत्रावर झाली हे छापखान्याला कळतही नाही.

मग फॉन्टची यादी उघडली. कोहिनूर देवनागरी, आयटीएफ देवनागरी, मुक्ता, बालू... आणि खाली एक नाव: 'श्री देवनागरी ७१४'. मी खुर्चीतून उठलेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी हे सॉफ्टवेअर ज्याने वापरलंय त्याला ०७१४ हा आकडा सांगावा लागत नाही. मराठी पुस्तकांची किती पानं या अक्षरात छापली गेली असतील! आमच्या पुण्यातलं हे अक्षर कॅलिफोर्नियाच्या कंपनीने आपल्या प्रत्येक मॅकमध्ये भरून ठेवलंय आणि आम्ही म्हणत बसलोय की मॅकवर मराठी तुटते.

भाच्याला फोन करून सांगितलं, "घेतेय मी." त्याने लगेच कोरेगाव पार्कला ॲपलचं नवं दुकान झालंय तिथे नेलं. एम४ चा एअर तेव्हा ९९,९०० रुपयांपासून पुढे होता. सोळा जीबी रॅम पुरे होती, पण २५६ जीबीची जागा मला अपुरी, आणि ५१२ चा हवा तर वीस हजार अधिक. नंतर वाढवू म्हणायची सोय नाही, कारण आत रॅम आणि स्टोरेज जोडूनच येतात. तपकीर गल्लीत वाढलेल्या जिवाला हे फार लागतं. तरी मनाची तयारी झाली होती. आधी जुनी कामं एकदा या उसन्या मॅकवर उघडून बघते आणि मग पैसे भरते, एवढंच म्हणून आम्ही परत आलो.

जुन्या कामांची हार्ड डिस्क लावली. ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली, त्यामुळे मॅक तिच्यावरचं वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. ते चालण्यासारखं होतं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी लावलेल्या एका चरित्राचा मजकूर उघडला. या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं प्रकाशकांच्या मनात होतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, अंडरस्कोअर यांची नुसती रास.

भाचा डोकावून म्हणाला, "मावशी, फाइल करप्ट आहे."

"करप्ट नाही रे, मराठीच आहे ती." मी पडद्यावर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. अंडरस्कोअर म्हणजे म. बारका ए म्हणजे र. बारका एम म्हणजे काना. "हे बघ, म, र ला काना, पुढे ठ ला दुसरी वेलांटी. मराठी." तो माझ्याकडे बघतच राहिला. युनिकोडच्या आधी आम्ही असंच लिहायचो. कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी मजकूर असायचा, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवायचा. तो ठरावीक फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. आणि मॅकमधला ७१४ इथे उपयोगाचा नाही. तो युनिकोडचा आहे, तोंडवळा तोच पण आतली भाषा वेगळी.

जुने फॉन्ट मॅकवर टाकून वेळ मारून नेता आली असती. पण हा मजकूर दुरुस्त करायचा, त्यात चार ओळी घालायच्या, तर जुनं लिपी-सॉफ्टवेअर हवं. माझ्याकडची प्रत विंडोजची आणि डोंगलवर चालणारी. डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायची कुलूपकिल्ली. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. चोऱ्या रोखायला तेव्हा सगळेच असं करत आणि त्यात गैर काही नव्हतं.

भाचा हार मानणारा नाही. मॅकवर पॅरलल्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून त्याच्या आत विंडोज ११ चालवता येतं, आणि मायक्रोसॉफ्टची त्याला २०२३ पासून मान्यताही आहे. त्याने ते टाकलं. मॅकच्या पोटात विंडोज सुरू झालं, जुनं सॉफ्टवेअर बसलंसुद्धा. डोंगल खोचली. दिवा लागला नाही. काढली, दुसऱ्या भोकात खोचली. नाही. भाच्याने रात्री एक वाजेपर्यंत खटपट केली आणि मग कारण सापडलं. नव्या मॅकमधली चिप एआरएम जातीची, त्यामुळे आत चालणारं विंडोजही एआरएमचंच. इंटेलसाठी लिहिलेली साधी सॉफ्टवेअर ते विंडोज भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हरचं भाषांतर करत नाही. आणि माझ्या डोंगलचा ड्रायव्हर इंटेलच्या काळातला. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने अस्सल विंडोज टाकता यायचं, नव्या चिपांवर ती सोयच नाही. रस्ता तिथे संपला.

हे कळल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मॅक न घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. विंडोजच्या दुकानात गेले तर विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने स्नॅपड्रॅगन चिपचा लॅपटॉप पुढे केला: हलका, दिवसभर बॅटरी, अगदी मॅकसारखा. पण तोही एआरएमच. खोक्यावर विंडोज लिहिलंय म्हणून जुना ड्रायव्हर चालेलच असं नाही. इंटेल किंवा एएमडीच्या विंडोज ११ वरही अशा जुन्या ड्रायव्हरला 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षासोय आडवी येऊ शकते. मी डोंगल पर्समध्ये घालून गेले आणि दुकानातच खोचून बघितली. विक्रेता गोंधळला, पण नाही म्हणाला नाही.

मग जुना मजकूर युनिकोडमध्ये का आणत नाहीस, हा भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. कन्व्हर्टर मिळतात, बरेचसे चांगलेही आहेत. पण जुन्या पद्धतीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये उलट. रफाराचंही तसंच: कन्व्हर्टरला तो उचलून अक्षराच्या मागून पुढे आणून ठेवावा लागतो, आणि एखाद्या अवघड जोडाक्षरापाशी तो चुकतो. मजकुरात मूळचे इंग्रजी शब्द असले तर त्यांचंही मराठी करून टाकतो. थोडक्यात, कन्व्हर्टर चालवायला दोन मिनिटं आणि नंतर सगळं पुस्तक नव्याने वाचायला पंधरवडा. त्या पंधरवड्याचे पैसे कोण देणार? पुनर्मुद्रणाला प्रकाशक म्हणतो, "ताई, लावलेलंच आहे ना तुमच्याकडे, फक्त चार दुरुस्त्या करायच्यात." माझं जवळजवळ निम्मं काम या 'फक्त'वर चालतं.

तेव्हा मी मॅक घेतला नाही. इंटेलचाच विंडोज ११ लॅपटॉप घेतला, सोळा जीबीचा, रॅमची एक खाच मोकळी असलेला, मॅकच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. त्याला पंखा आहे आणि तो वाजतो. पडदा बरा आहे, काका म्हणतात त्याप्रमाणे "चालेल". दुपारी तीनच्या सुमाराला चार्जर शोधावा लागतो. मला तो आवडत नाही, पण त्याच्यावर डोंगलचा दिवा लागतो आणि निम्मं पोट त्या दिव्यावर आहे.

मला कुणी विचारलं तर सांगते: तुमचं सगळं लेखन युनिकोडमध्ये असेल, तुम्ही लेखक, अनुवादक, शिक्षक असाल, तर मराठीसाठी मॅकला घाबरायचं काही कारण राहिलेलं नाही. मराठी वळणाचा ल नि श हवा असेल तर तो फॉन्ट बघून घ्यावा लागतो, आणि ते दोन्हीकडे सारखंच. मात्र घरात एकही डोंगल असेल, टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं काही असेल, किंवा पेजमेकरच्या फायली असतील, तर आधी त्या मोजा. आजचं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडत नाही, ना इथे ना तिथे. माझ्याकडे अशा फायलींचं एक आख्खं फोल्डर आहे आणि ते उघडायला तो म्हातारा लॅपटॉप, इंटरनेट तोडून, मी कपाटात ठेवलाय.

आता दर महिन्याला एखादं जुनं पुस्तक युनिकोडमध्ये आणते. पुढचं यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा डोंगलची गरज उरू नये, एवढाच हेतू.

प्रकाशकांना मात्र एक विनंती. पुस्तक छापून झालं की तुम्ही आमच्याकडून पीडीएफ घेता आणि विसरता. पीडीएफबरोबर युनिकोडमधला मजकूरही मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि जुनी पुस्तकं यादीत असतील तर त्यांचा मजकूर बदलून घ्यायचं काम आत्ताच काढा. त्या फायली वाचू शकणारी यंत्रं संपत चालली आहेत, आणि अंडरस्कोअरला म म्हणून वाचणारी माणसंही आता फार उरलेली नाहीत.