वहीत न चढणारा खर्च

व्यापारी घरात सुतळीच्या गुंडीचाही हिशेब लागतो. तरी एक खर्च बहुधा वहीत चढत नाही. तो म्हणजे लेकीसुनांच्या ओठांवरील व हनुवटीवरील केसांपायी गुपचूप होणारा खर्च.

सांगलीकडील एका किराणा व्यापाऱ्याच्या थोरल्या कन्येची हकीकत अशीच. सतराव्या वर्षी तिच्या हनुवटीवर राठ केस दिसू लागले. तोवर सुट्टीत ती हौसेने गल्ल्यावर बसे. पुढे ती दुकानाकडे फिरकेनाशी झाली. स्थळांची चर्चा सुरू झाली, तशी आईची घालमेल वाढली. जाहिरातींतील मलमे आली, बेसन-हळदीची उटणी झाली, ब्लीचने कातडी भाजली. तीन वर्षांत किती पैसे गेले, हे कोणीच मोजले नाही. वडिलांना तर पत्ताच नव्हता.

अखेर आजी सुनेला म्हणाल्या, "अगं, माल येतो कुठून ते पाहायचं सोडून तू नुसती वखार झाडते आहेस."

मायलेकी सरकारी रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी केसांआधी पाळीची चौकशी केली. ती दोन-दोन महिने लांबत होती. तपासणीअंती निदान झाले पीसीओएसचे. या विकारात स्त्रीच्या शरीरातील पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव वाढतो आणि एरवी कोवळी राहणारी लव राठ व काळी होते. ओठ, हनुवटी, छाती, पोट अशा नऊ जागी शून्य ते चार गुण देऊन ही वाढ मोजण्याची पद्धत वैद्यकात रूढ आहे. म्हणजेच हा वैद्यकाचा विषय आहे; त्यात मुलीचा दोष नाही.

औषध सुरू झाले, पण केसांवर त्याचा परिणाम दिसण्यास सहा महिने तरी लागतात, आणि आलेले राठ केस औषधाने गळून पडत नाहीत. ते काढावेच लागतात. तेथेच काटकसरीचा प्रश्न येतो.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चेहऱ्यासाठीचा लहान वस्तरा. त्याने केस दाट होतात, ही समजूत खोटी आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने १९२८ मध्येच ती तपासून नाकारली होती. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो जाड भासतो, एवढेच. दोऱ्याने केस काढणे ओठांवर सोयीचे. मात्र पुटकुळ्या असलेल्या जागी ते टाळावे. साखर, लिंबू व पाणी आटवून केलेले वॅक्स घरी होते. ते सोसेल इतके कोमट झाल्यावरच लावावे. बाजारच्या काही वॅक्समध्ये मधमाशांचे मेण असते, तेव्हा डबीवरील मजकूर वाचून घ्यावा. उटण्याने कातडी उजळ वाटेल, परंतु केसाचे मूळ जात नाही.

लेझरचा दर विचारताना एका बैठकीचा विचारू नये. सहा-आठ बैठका लागतात, पुढेही अधूनमधून जावे लागते, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. संप्रेरके आटोक्यात नसतील तर नवे केस येतच राहतात. म्हणून आधी निदान, मग लेझर, हा क्रम पैसे वाचवणारा आहे.

त्या मुलीने वस्तरा पत्करला. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे. पुढे पाहायला आलेल्या मंडळींना तिने आजाराविषयी स्वतःच सांगितले. ते स्थळ मोडले. आई रडली, वडिलांनी मात्र त्या दिवशी प्रथमच औषधाचा खर्च वहीत लिहिला आणि मुलीला गल्ल्याची किल्ली दिली.

ज्या परंपरेत साधू-साध्वी देहाची आसक्ती सुटावी म्हणून स्वहस्ते केशलोच करतात, त्याच परंपरेतील घरांनी हनुवटीवरील चार केसांवरून सुनेची पारख करावी, याचा विचार वरपक्षाने केला पाहिजे.

आणि आयांनी एवढे लक्षात ठेवावे : पाळी अनियमित असेल, किंवा केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मलमाच्या दुकानाआधी डॉक्टरांची पायरी चढावी. तेथे होणारा खर्च उघडपणे वहीत लिहावा.