त्याची जवारी

आमच्या कामात केलेलं टिकत नाही. गवंड्याची भिंत त्याच्या मागे उभी राहते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिला कानशीने दिलेला आकार म्हणजे जवारी. ती मात्र, वाद्य रोज वाजत असेल तर, वर्षा-दोन वर्षांत संपते. तार घासून घासून घोडीत बारीक चरा पाडते, आवाज मिटत जातो आणि वाद्य परत मिरजेला येतं. मग कुणीतरी आधीच्या माणसाचं काम कानशीने साफ करून नव्याने सुरुवात करतो.

घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला इतका कमी उतार असतो की तो डोळ्याआधी बोटाला कळतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात. खर्ज नीट बोलायला लागला की त्यात गांधार ऐकू येतो, आणि गांधाराची तार तर तंबोऱ्यात नसतेच. तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवून ती जागा धरायची. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा उतार वेगळा, काळी चारचा वेगळा. पूर्वी घोड्या शिंगाच्या असत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, मग उंटाचं हाड आलं, आबनूस आलं, आता फायबरही चालतं. शेजारी बसून हेच काम करणाऱ्या माझ्या मित्राला फायबरचा मनापासून राग होता. ‘हे कधी जिवंतच नव्हतं, बोलणार काय?’ म्हणायचा. मला फायबर एवढं वाईट वाटत नाही, पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

तो शिकलगारांच्या घरातला. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी उभा केला, तेही शिकलगारच, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं आणि कानस वाद्यांकडे वळली. त्याच्या मनगटात ती कानस जन्मापासून होती, मी मात्र बाहेरून आलेला. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. दर वर्षी उरुसात तिथे गाणं होतं. आम्ही मागे बसायचो आणि गायकापेक्षा त्याच्या पाठीमागचे तंबोरे ऐकायचो. ‘डावीकडच्याचा पंचम मिटलाय, येईल बघ दुकानात,’ असं तो कानाशी पुटपुटायचा. बहुतेक वेळा यायचाही.

काम करताना त्याच्या गालात तंबाखूची गोळी असायची. आमच्या गल्लीत पुष्कळांच्या असते. दोन्ही हात गुंतलेले, तोंड रिकामं. गालात पांढरा चट्टा आला, तोंड पुरतं उघडेना, तिखट सोसेना. तरीही सीझन संपू दे म्हणत राहिला. मग रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, परळचं टाटा हॉस्पिटल, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम. जबड्याचा एक भाग काढला, नंतर शेक आणि सोबत केमो. केमोच्या औषधाचं नाव सिसप्लॅटिन. त्याने काहींचे कान बिघडतात आणि आधी जातात ते उंच स्वर, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याच्या बाबतीत तसंच झालं.

बोलणं ऐकू यायचं त्याला, फोन ऐकू यायचा. जवारी जिथे राहते नेमका तेवढाच वरचा पट्टा गेला. त्याने काम सोडलं नाही. घोडी उजेडात तिरकी धरून तारेने घासलेली चकाकी बघायचा: ती रुंद आणि सलग हवी, मधे तुटलेली नको. तबलीवर पंजा टेकवून खर्ज छेडायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. बोलणं अस्पष्ट झालं होतं, म्हणून भुवई वर करायची, म्हणजे ‘आला का गांधार?’ मी मान हलवली की दोऱ्याचं टोक कापायचं, नाही म्हटलं की पुन्हा कानस. इतकी वर्षं शेजारी बसून जे कळलं नव्हतं ते त्या काळात कळलं, कारण आता त्याला सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी करावं लागत होतं आणि ते मला दिसत होतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो त्याआधीच गेला.

अलीकडे एक विद्यार्थिनी तंबोरा घेऊन आली, खर्ज मिटलाय म्हणाली. घोडी उजेडात धरली आणि हात ओळखला. उतार जिथे संपतो तिथली कड तो कधी धारदार ठेवायचा नाही, अंगठ्याने पॉलिश पेपर फिरवून मोडायचा. घोडी तशीच ठेवावी, मुलीला नवी द्यावी, असं मनात येऊन गेलं. पण वाद्य तिचं आहे आणि तिला रियाज करायचा आहे. मी कानस घेतली. त्याने माझं काम कितीदा असंच साफ केलं होतं, तेही शिव्या देत.

फक्त त्याआधी चारही तारा फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. आवाज थकलेला होता, पण त्याचा होता. तुमच्या घरी जुना तंबोरा असेल तर जवारीला देण्याआधी एवढं जरूर करा. घोडीवर आम्ही कुणी सही करत नाही.