चढता आंकडा

तीस वर्षें मी यवतमाळच्या कॉलेजांत उत्तरपत्रिकांवर गुणांचे आंकडे घालीत आलों. परंतु एखाद्या आंकड्याची मलाच धास्ती वाटेल, असें कधीं मनांत आलें नव्हतें.

गेल्या वर्षीं थोरल्या बंधूंच्या पित्तनलिकेंत कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेपूर्वीं नागपुरास त्यांची 'पेट' तपासणी झाली. तींत फ्लोरीन-18 हें किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली साखर शिरेंतून देतात. कर्कपेशी ती अधाशासारखी ओढून घेतात व चित्रांत उजळतात. त्यांचा हा अधाशीपणा ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें 1920 च्या दशकांतच दाखवून दिला होता. साखर जितकी अधिक ओढली जाते, तितका 'एसयूव्ही' हा आंकडा चढतो. आणि चढ्या आंकड्याच्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर आयुष्य सरासरीनें कमी लाभतें.

"मास्तर, किती गुण पडले मला?" दादांनीं हंसत विचारलें. या परीक्षेंत अधिक गुण म्हणजे नापास, हें त्यांना ठाऊक होतें! मीं डॉक्टरांकडे पाहिलें. ते म्हणाले, "आंकडा शंभर रोग्यांविषयीं बोलतो, एकट्याविषयीं नव्हे. शिवाय नलिकेला सूज असली, तरीही तो चढतो."

मीं आंकडा लपविला नाहीं. दादा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तर धाकटीचें लग्न मार्गशीर्षांतच उरकूं."

शस्त्रक्रिया झाली; लग्नही झालें. दादांनीं स्वतः अक्षता टाकल्या. आंकडा खरा कीं खोटा, तें अजून ठरावयाचें आहे. पण तो व्यर्थ गेला नाहीं, एवढें मात्र खरें.