सोन्याच्या करंड्यांतील खापऱ्या

गेल्या माघांत एके दिवशीं सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. आतां त्याच्याही कानशिलांवर पांढरे केस दिसूं लागले आहेत. नालासोपाऱ्यास तो गायनाचा वर्ग चालवितो. वर्गाचा वार्षिक समारंभ जवळ आला होता, व छापावयास देण्यापूर्वीं कार्यक्रमपत्रिका मला दाखवावी, या हेतूनें तो आला होता. नमस्कार करून त्यानें कागद माझ्या हातीं दिला. चष्मा लावून वाचूं लागलों, तों तिसऱ्या ओळीवर दृष्टि अडखळली. तेथें लिहिलें होतें: ‘सम्राट् अशोकाच्या काळचें शूर्पारकगीत, गुरुपरंपरेनें प्राप्त.’ आणि त्या परंपरेचा मूळ पुरुष म्हणून खालीं माझें नांव होतें!

वाचकहो, तें गीत अशोकाच्या काळचें नाहीं. १९८८ सालीं शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वीं चार दिवस मीं तें रचिलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र वडिलांपुढें बसून शिकलों. आपल्या गांवावरील नाटुकल्यांत एखादें जुनें गाणें हवें, म्हणून अनुष्टुभांतले चार श्लोक जुळविले व त्यांस भूपाची चाल लाविली. मध्यम व निषाद गाळले कीं चाल प्राचीन वाटूं लागते, अशी माझी भाबडी समजूत होती. तेवढ्यावर न थांबतां, ‘दोन हजार वर्षांपूर्वीं या बंदरांत हें असेंच गाइलें जात असे’, असें मीं रंगमंचावरून सांगितलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत हा नऊ वर्षांचा मुलगाही होता, व त्यानें गुरुजींचा शब्द खरा मानिला.

त्या सायंकाळीं माझ्यानें कांहीं बोलवलें नाहीं. ‘कागद राहूं दे, उद्यां ये’, एवढेंच म्हणालों. रात्रभर झोंप आली नाहीं. पहाटे उठून, ज्यास आमच्याकडील लोक बुरूड राजाचा कोट म्हणतात, त्या स्तूपाकडे चालत गेलों.

हा स्तूप १८८२ च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं खणला. हे जुनागढचे, मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या सहवासांत यांचें संशोधन वाढलें. स्तूपाच्या गाभ्यांत त्यांना दगडाची एक मोठी पेटी सांपडली. तींत तांब्याचा करंडा, व त्याच्या सभोंवतीं बुद्धाच्या आठ धातुमूर्ति. तांब्याच्या करंड्यांत चांदीचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आंत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंड्यांत काय असावें? सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याच्या इवल्याशा तेरा खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असें भगवानलालांचें अनुमान. ज्या कोणीं श्रद्धाळूनें त्या जपून ठेविल्या, त्यानें त्यांना नवी माती लावून अखंड पात्र बनविलें नाहीं. खापऱ्या खापऱ्या म्हणूनच सोन्यांत ठेविल्या.

त्या ढिगाऱ्यापाशीं उभा असतां मला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण झाली. त्यांचा जन्म १८६० सालीं मुंबईस वाळकेश्वरीं झाला. ते वकील झाले. परंतु प्रथम पत्नी व पुढें एकुलती कन्या निवर्तल्यावर प्रपंचाचा पाश तुटला, व उरलेलें आयुष्य त्यांनीं संगीतशास्त्राच्या शोधास वाहिलें. १९०४ सालीं ते दक्षिणेंत हिंडले. एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षितांकडून व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत त्यांनीं मिळविली. पुढें कलकत्ता, काशी, अलाहाबाद इत्यादि ठिकाणीं जाऊन त्यांनीं पोथ्या धुंडाळिल्या. भेटेल त्या विद्वानास ते एक प्रश्न विचारीत: आमच्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ तुम्हांस उलगडला आहे काय? त्यांतील राग आज गाऊन दाखवितां येतील काय? समाधान होईल असें उत्तर त्यांना मिळालें नाहीं.

एखाद्या दुर्बल मनाच्या माणसानें अशा वेळीं आपणच एखादी चाल बांधून तिजवर रत्नाकराचें नांव घातलें असतें. माझ्याइतकें हें दुसऱ्या कोणास कळणार? पंडितजींनीं तसें केलें नाहीं. प्रचलित गायनाचा आधार शोधण्यासाठीं ते मुख्यतः नंतरच्या शतकांतील ग्रंथांकडे वळले. जें गायकांच्या कंठांत जिवंत होतें, तें त्यांनीं स्वरलिपींत उतरून घेतलें. ‘चतुरपंडित’ या नांवानें संस्कृतांत ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिलें. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ चार भागांत मराठींत लिहिली. ‘लक्ष्य’ म्हणजे प्रत्यक्ष गाइलें जाणारें. जुन्या शास्त्राविषयीं पूर्ण आदर, पण प्रत्यक्षाशीं प्रतारणा नाहीं, असा हा बाणा होता. १९३६ सालीं गणेशचतुर्थीस त्यांचा देह पडला. त्यांचे रागनिर्णय सर्वांनाच मान्य झाले असें नाहीं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींचें गणित मांडून पुस्तक छापिलें. तो मार्ग पंडितजींस पटला नाहीं. परंतु देवलांनींही आपलें गणित उघड मांडलें होतें. ज्याला वाटेल त्यानें तें पडताळून पाहावें. खोटें नांव दोघांनींही कशालाच दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थी आला. मीं त्याला सर्व सांगितलें. तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, हें गीत मीं शंभरावर मुलांना शिकविलें. प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगितली.” त्याच्या स्वरांत राग नव्हता, राग असता तर मला अधिक सोसवला असता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “मग भरताच्या काळचें खरें असें आपल्यापाशीं कांहींच नाहीं काय?”

“आहे,” मीं म्हटलें, “पण तुकडे आहेत.” आणि नाट्यशास्त्राचा अठ्ठाविसावा अध्याय उघडून मीं त्याला भरताचा दोन वीणांचा प्रयोग वाचून दाखविला.

दोन वीणा सारख्याच स्वरांत जुळवावयाच्या. एक अचल ठेवावयाची, दुसरी पायरीपायरीनें उतरवावयाची. पहिल्या वेळीं सर्व स्वर एकेक श्रुतीनें खालीं येतात. दुसऱ्या वेळीं गांधार व निषाद हे अचल वीणेच्या ऋषभ व धैवतांत मिळून जातात; तिसऱ्या वेळीं ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमांत; चौथ्या वेळीं षड्ज, मध्यम व पंचम हे निषाद, गांधार व मध्यमांत. दोन, तीन व चार श्रुतींचीं अंतरें अशीं कानांनींच सिद्ध होतात, व सात स्वरांची बेरीज बावीस भरते.

वर्गांत दोन स्वरमंडलें होतीं. आम्हीं तीं सतरंजीवर शेजारीं ठेविलीं. षड्जग्रामाचे स्वर जुळवितांनाच त्याच्या ध्यानांत आलें कीं हे आजच्या बिलावलाचे नव्हेत, काफीच्या जवळचे आहेत. दोन तास खुंट्या पिळण्यांत गेले. एक तार तुटली. दुसऱ्या सारणेस उतरत आलेला गांधार शेजारच्या ऋषभांत मिळाला, तेव्हां दोन तारांतली कुरबुर एकाएकीं थांबली आणि एकच नाद उरला. त्यानें माझ्याकडे पाहिलें. ती चाल नव्हती, कीं गीतही नव्हतें. गायक कोठें थांबत, स्वरास कसा हेलावा देत, हें त्यांत कांहींच नव्हतें. पण भरतानें जें ऐका म्हणून लिहून ठेविलें, तें आम्हीं ऐकलें होतें.

समारंभाच्या पत्रिकेंत तिसरी ओळ बदलली. गीत तसेंच राहिलें. त्यापुढें ‘नवीन रचना, राग भूप’ एवढेंच छापलें. त्यानंतर दोन स्वरमंडलांचा प्रयोग झाला. गाण्यापूर्वीं मी उभा राहून १९८८ सालची गोष्ट आहे तशी सांगितली. या वेळीं टाळ्या पडल्या नाहींत. मागच्या रांगेंत कोणी हंसलें, व तें रास्तच होतें. समारंभ आटोपल्यावर एक लहान मुलगी मजजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, तो दोन तारांचा एक आवाज पुन्हां करून दाखवा ना!”

तिच्या गुरुजींनीं स्वरमंडल गवसणींतून पुन्हां बाहेर काढलें.