अस्वलासाठी कोणती गोळी?

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर लखनऊला आजोळी गेलो होतो. आजोबा इंदिरा नगरमध्ये राहतात. ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागले आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्याच लखनऊच्या कारखान्यात त्यांची बदली झाली, ती कायमची. आता त्यांचे वय ८१ आहे. तरी रोज पहाटे कुकरैलच्या जंगलाकडे फिरायला जातात आणि येताना मुन्शी पुलियावरून भाजी आणतात. घरात मराठी बोलतात, फाटकाबाहेर पाऊल टाकले की अस्सल लखनवी हिंदी.

त्यांच्या कपाटात एक रायफल आहे. पणजोबांची. त्यांच्यानंतर परवाना आजोबांच्या नावावर झाला. लखनऊत तिला 'तीन सौ पंद्रह बोर' म्हणतात. लहानपणापासून मी ती फक्त दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा निवडणुकीच्या आधी ठाण्यात जमा करायला नेताना. या वेळी मी मनाशी ठरवून गेलो होतो की आजोबांना सांगायचे, माझी २१ वर्षे पूर्ण झाली की ही रायफल मला द्या. शस्त्र कायद्यानुसार त्याआधी परवाना मिळत नाही, एवढे मला माहीत होते.

विषय काढायचा कसा, म्हणून मी आमच्या वसतिगृहातला वाद त्यांच्यापुढे मांडला. मोठ्या अस्वलाच्या शिकारीला कोणती रायफल चांगली, यावर आमच्या खोलीत आठवडाभर भांडण चालले होते. माझे मत होते पॉइंट ३७५ हॉलंड अँड हॉलंड. हे काडतूस १९१२ सालचे आहे, आणि अलास्कातल्या पाचशे किलोच्या तपकिरी अस्वलासाठीही लोक ते वापरतात. माझा मित्र म्हणत होता, पॉइंट ३०-०६ पुरते, गोळी जड घेतली की झाले. मी म्हटले, "आजोबा, जितका बोर मोठा तितकं चांगलं, बरोबर ना?"

आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. "तुझं एनर्जीचं सूत्र सांग."

मी सांगितले. वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरच गणित करायला लावले. आपल्या इन्सास रायफलची गोळी ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. उत्तर आले सुमारे १,६०० ज्यूल. त्यांच्या ३१५ ची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम, पण वेग सुमारे ६०० मीटरच. उत्तर आले सुमारे २,९०० ज्यूल.

"म्हणजे ३१५ जास्त ताकदीची," मी म्हणालो.

"ताकद नळीच्या तोंडाशी मोजलीस. जनावराच्या अंगात काय होतं, ते कुठं मोजलंस?"

मग त्यांनी कपाट उघडले. रायफल बाहेर काढून आधी बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये बोट घालून पाहिले, मग मला पाहायला लावले. अगदी आपले उस्ताद रेंजवर करतात तसेच. तिची बनावट जुन्या पॉइंट ३०३ सारखी आहे. ३०३ लष्कराची, म्हणून नागरिकांना तिची मनाई होती. शिकाऱ्यांसाठी इशापूरच्या कारखान्यात त्याच धर्तीची ही ८ मिलिमीटरची रायफल बनू लागली. काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरे होती. के. एफ. म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. लखनऊच्या कपाटात खडकी सापडली, याची मला गंमत वाटली.

आजोबांनी एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवले. गोळीच्या टोकाला तांब्याचे वेष्टण नव्हते, राखाडी शिसे उघडे होते. ही मऊ टोकाची गोळी. अंगात शिरली की तिचे टोक कळीसारखे उमलते, सगळी ताकद आतच खर्च होते आणि जनावर लवकर मरते. सैन्याची गोळी मात्र पूर्ण वेष्टणाची असते. ती बहुधा उमलत नाही आणि आरपार जाऊ शकते. मऊ टोकाची गोळी सैन्यासाठी बनवण्याचा प्रयोग आपल्याच देशात, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास झाला. तिच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ साली हेगच्या परिषदेत, अंगात उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, असा जाहीरनामा झाला.

मला हे उलटे वाटले. माणसाला जी गोळी क्रूर, ती जनावराला बरी कशी?

आजोबा म्हणाले, "शत्रू जखमी झाला की तो लढाईतून बाद झाला. पुढं त्याला मारायचं नसतं, दवाखान्यात न्यायचं असतं. जंगलातल्या जनावराला दवाखाना नाही. ते जखमी होऊन गेलं, तर आठ-आठ दिवस झिजून मरतं. आणि मरण्याआधी..." ते थांबले. मग त्यांनी मला १९६८ सालची गोष्ट सांगितली. आईनेही ती पहिल्यांदाच ऐकली.

एप्रिल महिना होता. आजोबा २४ वर्षांचे, ओझरहून सुट्टीवर गावी आले होते. त्यांचे गाव नवेगावच्या तलावाकडे, आताच्या गोंदिया जिल्ह्यात. मोहाची फुले पडायचे दिवस. बायाबापड्या पहाटे अंधारातच फुले वेचायला जातात, आणि अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली येते. त्याची नजर अधू, कान बेताचे, नाक मात्र तिखट. खाण्यात गुंग असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. मागच्या पायांवर उभे राहून तोंडावरच पंजा मारते. त्या वर्षी एका अस्वलाने दोघांना असे फाडले होते. गावाने पणजोबांना गळ घातली. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, वन खात्याचा परवाना मिळे.

पणजोबा रायफल घेऊन नाल्याच्या एका अंगाला बसले आणि आजोबांना बारा बोरची दुनळी देऊन दुसऱ्या अंगाला बसवले. दोन्ही नळ्यांत एल. जी. होती, म्हणजे मोजके मोठे छरे. पणजोबांनी बजावले होते, "पंधरा पावलांच्या आत आलं तरच. नाहीतर जाऊ दे, माझ्याकडं येईल."

अस्वल आले ते चाळीस पावलांवरून चालले होते. आजोबांना वाटले, एवढे मोठे काळे धूड, चुकणार कसे? त्यांनी घोडा ओढला.

"धूड नव्हतं ते, केस होते," आजोबा म्हणाले. "अस्वलाच्या केसांमुळं अंग कुठं संपतं ते कळत नाही. शंभर-सव्वाशे किलोचं जनावर दुप्पट दिसतं. छरे पांगले. काही केसांतून गेले, काही चरबीत अडकले. ते ओरडलं आणि नाल्यात उतरलं."

बार ऐकून मोहाखालची माणसे गावाकडे पळाली. एक जण नाल्याच्या वाटेनेच पळाला. अस्वल तिथेच बसले होते. माणूस जगला, पण त्याचा एक डोळा आणि अर्धा चेहरा गेला. पणजोबा त्या नाल्यात एकटे उतरले आणि दहा पावलांवरून छातीवरच्या पांढऱ्या खुणेत एक गोळी मारून त्यांनी ते संपवले. मऊ टोकाची, ३१५ ची. घरी आल्यावर ते आजोबांना रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्याच्या घरी दर महिन्याला तू जायचंस." आजोबा लखनऊला येईपर्यंत सुट्टीत जात राहिले. नंतर मनीऑर्डर पाठवत राहिले, तो माणूस वारला तोवर.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मीच विचारले, "म्हणजे तेव्हा तुमच्याकडं रायफल असती तर?"

"चाळीस पावलांवर ती पुरली असती. पण हातात जे आहे ते किती पावलांपर्यंत खरं, हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती तुझी ३७५ दिली तरी काय? कॉर्बेट साहेबांकडं जड ४५०/४०० दुनळी होती आणि हलकी २७५ सुद्धा. हलकीनं त्यांनी नरभक्षक मारले. केनेथ अँडरसननी म्हैसूरकडचं माणसं मारणारं अस्वल टिपलं, त्यांच्याकडं ४०५ विंचेस्टर असायची. बोर वेगवेगळे. पण जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही, हा नियम दोघांचा एकच. बोर निवडताना एकच विचारायचं, बेटा. ही गोळी सुटल्यावर जे होईल, त्याला मी जबाबदार राहू शकतो का?"

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्न आपल्यासाठी शिकारीचा राहिलाच नाही. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. याच उत्तर प्रदेशात, आग्र्याजवळ कीठमच्या तलावाकाठी, दरवेश्यांकडून सोडवलेल्या नाचऱ्या अस्वलांसाठी आश्रयस्थान आहे. आजोबा तिथे एकदा जाऊन आले आहेत. का गेलात, हे मी विचारले नाही.

शेवटच्या दिवशी मी धीर करून रायफलचे बोललो. आजोबांनी सांगितले की ते परवान्याचे नूतनीकरण करणार नाहीत, रायफल ठाण्यात कायमची जमा करणार आहेत.

"मग इतकी वर्षं कशाला ठेवलीत?"

"विसरायला होऊ नये म्हणून. आता तुला सांगितलं."

मला वाईट वाटले, हे खरे आहे. गाडीत बसेपर्यंत वाटत होते.

शाळेत परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचे फायरिंग होते. पॉइंट २२, अंतर २५ मीटर. त्या गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एरवी आम्ही तिला चेष्टेने 'चिमणी' म्हणतो. त्या दिवशी उस्तादांनी नेहमीचीच सूचना दिली, "टार्गेटच्या मागं काय आहे ते आधी पाहा." पाच गोळ्यांपैकी चौथीच्या वेळी माझा श्वास चुकला. मी बोट चापावरून काढले, पुन्हा श्वास घेतला, मग मारली. ग्रुपिंग काही फार चांगले आले नाही. खोलीतला वाद अजून मिटलेला नाही, पण मी त्यात ३७५ च्या बाजूने बोलत नाही.

गेल्या रविवारी आजोबांचा फोन आला. रायफल जमा झाली. त्यांनी पावती वाचून दाखवली. रायफल एक, ३१५ बोर. काडतुसे अकरा.